उपाशी आईचे दूध : अन्नटंचाईच्या ऋतूत अस्वलाची मादी पिलांचे पोषण कसे करते?

प्रस्तावना

मृग नक्षत्र जवळ आले की श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन, दिवेआगर, दिघी या पट्ट्यात आगोटीची लगबग सुरू होते. तांदूळ, कडधान्ये, मीठ, सरपण आणि सुकी मासळी घरात भरून ठेवली जाते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो. त्यामुळे या दोन महिन्यांचा निर्वाह मागील महिन्यांच्या बेगमीवर चालतो. ऋतुमानानुसार येणाऱ्या टंचाईला तोंड देण्याचा हा मार्ग कोकणी माणसाच्या अंगवळणी पडलेला आहे. निसर्गातील अनेक सस्तन प्राणी हेच करतात. फरक इतकाच की त्यांचे कोठार घरात नसून शरीरात असते आणि ते चरबीच्या रूपाने असते.

ही बेगमी केवळ स्वतःपुरती करायची असेल तर प्रश्न तुलनेने सोपा आहे. परंतु ज्या काळात मादीला स्वतःला अन्न मिळत नाही, नेमक्या त्याच काळात तिला पिलांना दूध पाजावे लागत असेल तर काय होते? अन्न न खाता, कित्येकदा पाणीही न पिता, महिनोन्महिने दूध निर्माण करणे शरीरशास्त्रदृष्ट्या कसे शक्य होते? आणि या क्षमतेची मर्यादा कोठे आहे? ध्रुवीय अस्वल हे या प्रश्नाचे सर्वांत टोकाचे उदाहरण होय. महाराष्ट्राच्या जंगलात आढळणारे आपले काळे अस्वल हे त्याच कुळातील आणि त्याच प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधलेले उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात या दोन मातांच्या स्तन्यपोषणाचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. विविध विद्याशाखांतील प्राध्यापक हा या नियतकालिकाचा वाचक असल्याने जीवशास्त्रीय परिभाषा आवश्यक तेवढीच वापरली आहे.

भांडवल आणि रोजची कमाई

प्राणिशास्त्रज्ञ प्रजननाच्या दोन पद्धती मानतात. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना त्यांची नावे परिचयाची वाटतील. पहिली भांडवलावर आधारलेली. यात मादी सुगीच्या काळात शरीरात चरबी साठवते आणि नंतर त्या साठ्यातून गर्भधारणेचा व दुधाचा खर्च भागवते. दुसरी उत्पन्नावर आधारलेली. यात मादी रोज खाते आणि रोजच्या खाण्यातून रोजचे दूध तयार करते. उंदीर, घुशी, चिचुंद्र्या यांच्यासारखे लहान प्राणी दुसऱ्या प्रकारात मोडतात, कारण लहान शरीरात मोठा साठा मावत नाही. देवमासे, काही जातींचे सील आणि थंड प्रदेशातील अस्वले पहिल्या प्रकारात येतात. बहुतेक प्राणी मात्र या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतात.

आपल्याच किनाऱ्यावर याहून निराळा, तिसरा मार्ग पाहावयास मिळतो. दिवेआगर, हरिहरेश्वर आणि पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथील वाळूत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्यात येते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. वेळासला या घरट्यांच्या संरक्षणाचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये सुरू केले. कासवाची मादी आपल्या पिलांना पुन्हा कधीही भेटत नाही. तिने दिलेली सर्व शिदोरी अंड्यातील पिवळ्या बलकात असते. सस्तन प्राण्यांचे वैशिष्ट्य असे की ही शिदोरी एकदाच न देता जन्मानंतर दीर्घकाळ, थोडी थोडी आणि गरजेनुसार देता येते. टंचाईच्या काळात हे लवचीक धोरण फार उपयोगी ठरते. मात्र त्याचा सर्व भार एकाच शरीरावर पडतो.

आठ महिन्यांचा उपवास

ध्रुवीय अस्वलाचे मुख्य अन्न म्हणजे सील आणि त्यातही सीलच्या कातडीखालील चरबी. सीलची शिकार करण्यासाठी समुद्रावर बर्फाचा थर असावा लागतो, कारण उघड्या पाण्यात सील अस्वलाच्या हाती सहसा लागत नाही. कॅनडातील हडसन उपसागरात उन्हाळ्यात हा बर्फ पूर्णपणे वितळतो आणि तेथील अस्वलांना किनाऱ्यावर यावे लागते. किनाऱ्यावर बोरांसारखी रानफळे, पक्ष्यांची अंडी, गवत, समुद्री शेवाळ असे किरकोळ अन्न मिळते. पश्चिम हडसन उपसागरातील वीस अस्वलांवर केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यातील सुमारे तीन आठवड्यांच्या निरीक्षणात वीसपैकी एकोणीस अस्वलांचे वजन घटलेले आढळले. फळे खाणारी, पोहणारी, नुसती पडून राहणारी अशी सर्व प्रकारची अस्वले त्यात होती. तात्पर्य, जमिनीवरील अन्न समुद्रावरील अन्नाची जागा घेऊ शकत नाही.

इतर अस्वले हिवाळ्याच्या सुरुवातीला नवा बर्फ तयार होताच शिकारीस परततात. गर्भवती मादीला मात्र तसे करता येत नाही. ती जमिनीत किंवा बर्फाच्या ढिगात गुहा करते आणि तेथेच राहते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास पिले जन्मतात, बहुधा दोन. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती पिलांसह बाहेर पडून समुद्राकडे निघते. जुलैमध्ये किनाऱ्यावर आल्यापासून तोपर्यंत सुमारे आठ महिने झालेले असतात. या आठ महिन्यांत तिने व्यवहारतः काहीही खाल्लेले नसते, आणि त्यांतील शेवटच्या तीन महिन्यांत ती दोन पिलांना दूध पाजत असते. या काळात तिच्या शरीराचे सुमारे चाळीस टक्के वजन खर्ची पडते.

येथे निसर्गाने एक हिशेबाची सोय करून ठेवली आहे. अस्वलांचा समागम वसंतात होतो, पण फलित बीज लगेच गर्भाशयात रुजत नाही. अगदी प्रारंभिक अवस्थेत ते काही महिने तसेच थांबून राहते आणि शरद ऋतूत रुजते. यास विलंबित रोपण असे म्हणतात. तोपर्यंत मादीच्या अंगावर पुरेशी चरबी चढलेली नसेल तर गर्भधारणा पुढे जात नाही. म्हणजे बेगमी झाली आहे की नाही हे पाहून मगच खर्चाला हात घातला जातो. सरकारी अंदाजपत्रकांत हा क्रम नेहमी पाळला जातोच असे नाही.

पिलू इतके लहान का?

अस्वलाच्या प्रजननातील सर्वांत चकित करणारी बाब म्हणजे नवजात पिलाचा आकार. ध्रुवीय अस्वलाची मादी दोनशे किलोंची असली तर तिचे पिलू जेमतेम सहाशे ते सातशे ग्रॅमचे असते, म्हणजे आईच्या सुमारे तीनशेव्या हिश्श्याएवढे. मनुष्यात हेच प्रमाण साधारण सतरा-अठरावा हिस्सा असे येते. अस्वलाचे पिलू जन्मतः आंधळे व अत्यंत विरळ लव असलेले असून स्वतःच्या शरीराची ऊब राखण्यास असमर्थ असते. एवढ्या मोठ्या प्राण्याने इतके अपुरे पिलू का जन्मास घालावे?

माल्कम रॅमझे आणि रॉबर्ट डनब्रॅक या संशोधकांनी १९८६ मध्ये या प्रश्नाचे जे उत्तर सुचविले ते प्रस्तुत लेखकास या संपूर्ण विषयाची गुरुकिल्ली वाटते. त्यांचा युक्तिवाद असा. उपाशी आईजवळ ऊर्जेचा साठा आहे तो चरबीचा. पण गर्भाला नाळेवाटे जे इंधन मिळते ते मुख्यतः ग्लुकोज, म्हणजे साखर. चरबीतील मेदाम्ले गर्भापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत आणि गर्भ त्यांचा फारसा उपयोगही करू शकत नाही. चरबीपासून साखर जवळजवळ बनवता येत नाही. ती बनवायची तर प्रथिने, म्हणजे स्वतःचे स्नायू मोडावे लागतात. अर्थात गर्भारपण जितके लांबेल तितके उपाशी आईचे स्नायू झिजत जातील. दुधाचे तसे नाही. दुधात चरबी थेट घालता येते आणि जन्मलेले पिलू ती पचवून तिच्यापासून ऊर्जा मिळवू शकते. म्हणून अस्वलाच्या मादीने गर्भारपण शक्य तितके आखूड केले आणि जे पोषण नाळेतून व्हायचे ते स्तनांतून करण्याची व्यवस्था केली. एका अर्थाने तिचे पिलू अपुऱ्या दिवसांचेच असते. उरलेली वाढ ते पोटाबाहेर, पण पोटाशीच पूर्ण करते.

दुधाची घटना या युक्तिवादाशी जुळते. गाईच्या दुधात साधारण चार टक्के, म्हशीच्या दुधात सात टक्के आणि मानवी दुधातही सुमारे चार टक्केच स्निग्धांश असतो. गुहेतून बाहेर पडणाऱ्या ध्रुवीय अस्वलाच्या दुधात तो तीस टक्क्यांच्या घरात असतो. म्हणजे ते दूध आपल्याकडील दाट सायीसारखे म्हणावे लागेल. याउलट त्यातील दुग्धशर्करेचे प्रमाण अगदी अल्प असते, कारण साखर बनविणे आईला महागात पडते. चरबी मात्र तिला परवडते आणि तीच ती मुक्तहस्ते देते. या दुधावर सहाशे ग्रॅमचे पिलू तीन-चार महिन्यांत दहा-बारा किलोंचे होते.

पाण्याचा प्रश्नही याच चरबीने सुटतो. एक ग्रॅम चरबी शरीरात जळली की ऊर्जेबरोबर एक ग्रॅमहून किंचित अधिक पाणी तयार होते. दूध घट्ट असल्याने त्यावाटे बाहेर जाणारे पाणीही कमी. शिवाय अमेरिकेतील काळ्या अस्वलांच्या अभ्यासात असे दिसले आहे की गुहेतील मादी पिलांचे मलमूत्र चाटून त्यातील पाणी व नत्र परत स्वतःच्या शरीरात घेते. अस्वलाचे शरीर उपवासात तयार होणाऱ्या युरियातील नत्रही पुन्हा प्रथिनांकडे वळवू शकते. दुभत्या जनावरांच्या मालकांना यातील फरक चटकन उमगेल. व्यालेली गाय दुधाच्या मानाने पुरेसे खाऊ शकली नाही तर तीही अंगावरची चरबी मोडते. परंतु ते मर्यादेबाहेर गेले की रक्तात किटोन द्रव्ये वाढतात, यकृतात चरबी साचते आणि गाय आजारी पडते. पशुवैद्यक ज्यास किटोसिस म्हणतात तो हाच विकार. जो ताण गाईला काही आठवड्यांत आजारी पाडतो, तो अस्वलाची मादी महिनोन्महिने निभावून नेते.

दूध केव्हा थांबते?

आईच्या त्यागाची भाषा या विषयाला सहज चिकटते. पण शरीरशास्त्र इतके भावनाप्रधान नाही. पहिल्या हिवाळ्यानंतर ध्रुवीय अस्वलाची पिले साधारण अडीच वर्षांची होईपर्यंत आईबरोबर असतात व या काळात थोडेफार दूध पीत राहतात. म्हणजे पुढील उन्हाळ्यात बर्फ वितळला की आई पुन्हा किनाऱ्यावर, पुन्हा उपाशी, आणि या वेळी तिच्याबरोबर वाढती पिले असतात. पश्चिम हडसन उपसागरात पूर्वी गोळा केलेल्या दुधाच्या नमुन्यांचे विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून दिसले की जमिनीवरील उपवासाचे दिवस जसजसे वाढतात तसतशी दुधातील ऊर्जा घटते, आणि काही माद्यांचे दूध पूर्णतः आटते. दूध आटल्याने आईचा स्वतःचा साठा वाचतो, परंतु पिलांची वाढ मंदावते.

ही मादीची निष्ठुरता नव्हे. ती जगली तर पुन्हा वेत होऊ शकेल, ती मेली तर हातची पिलेही वाचणार नाहीत. दीर्घायुषी प्राण्यांत हे धोरण अपेक्षितच आहे. अडचण अशी की हे धोरण ज्या लांबीच्या उन्हाळ्यासाठी घडले तो उन्हाळाच आता बदलला आहे. हडसन उपसागरातील बर्फाविना जाणारा काळ १९८० च्या दशकाच्या तुलनेत सुमारे तीन ते चार आठवड्यांनी लांबला आहे. पश्चिम हडसन उपसागरातील अस्वलांची संख्या १९८० च्या दशकात बाराशेच्या आसपास होती. २०१६ च्या गणनेत ती ८४२ आणि २०२१ च्या गणनेत ६१८ इतकी अंदाजण्यात आली. अशा ऱ्हासात प्रौढ अस्वले एकदम मरत नाहीत. आधी दूध कमी पडते, मग पिले कमी जगतात आणि समूह हळूहळू वयस्कर होत जातो.

महाराष्ट्रातील अस्वल : वेगळा मार्ग

आपले अस्वल मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, गडचिरोली आणि बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य या भागांत प्रामुख्याने आढळते. दक्षिण सह्याद्रीतही त्याचे अस्तित्व आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. ते शीतनिद्रा घेत नाही, कारण आपल्याकडे हिवाळ्यात अन्न पूर्णपणे नाहीसे होत नाही. त्याचा आहारही वेगळा : वाळवी, मुंग्या, मध, आणि हंगामाप्रमाणे मोहाची फुले, टेंभुर्णी, चार, बहाव्याच्या शेंगा, जांभूळ, उंबर, बोरे. वाळवी ओढून घेण्यासाठी त्याचे वरचे मधले दोन दात नाहीसे झाले आहेत, ओठ लांब आहेत आणि नाकपुड्या मिटता येतात. वारूळ फोडून आधी फुंकर मारून माती उडवायची व मग जोराने ओढायचे, ही त्याची रीत. तो आवाज शांत जंगलात बराच दूर ऐकू येतो.

या अस्वलाचा समागम उन्हाळ्यात, साधारण मे ते जुलै या काळात होतो आणि पिले नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान खडकांच्या कपारीत किंवा उकरलेल्या गुहेत जन्मतात. पिले एक किंवा दोन, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, तीही आंधळी. मादी पहिले काही आठवडे गुहेतून क्वचितच बाहेर पडते. म्हणजे उपवासात दूध पाजण्याचे कुळातील कसब तिच्याकडेही आहे, पण तिचे भांडवल थोडके आहे. प्रौढ मादीचे वजन बहुधा शंभर किलोंच्या आतच असते आणि ध्रुवीय अस्वलासारखा चरबीचा जाड थर तिच्या अंगावर नसतो. त्यामुळे सुरुवातीचे आठवडे साठ्यावर आणि पुढचे महिने रोजच्या कमाईवर, असा मिश्र व्यवहार तिला करावा लागतो. ती रात्री बाहेर पडते, खाते आणि पिलांकडे परतते.

दोन-अडीच महिन्यांची पिले घेऊन ती गुहेतून बाहेर येते तो काळ फेब्रुवारी-मार्चचा असतो, आणि नेमका तेव्हाच मोह फुलू लागतो. मागोमाग चार व टेंभुर्णी पिकते, जूनमध्ये जांभूळ. मोहाच्या फुलात साखर भरपूर असते, म्हणजे जे द्रव्य बनविणे उपाशी आईला सर्वांत अवघड, तेच तिला आयते मिळते. हा मेळ लक्षणीय आहे. दुधाची मागणी वाढत जाते त्या महिन्यांत जंगल सर्वाधिक गोड अन्न देते.

आणखी एक विशेष म्हणजे ही मादी पिलांना पाठीवर बसवून हिंडते. इतर अस्वलांत ही सवय नियमितपणे आढळत नाही. खांद्यांवरील लांब, दाट केसांना धरून पिले सहा ते नऊ महिन्यांची होईपर्यंत अशी वाहिली जातात. वाघ-बिबट्यांच्या प्रदेशात पिलांच्या रक्षणाचा हा उपाय मानला जातोच, पण स्तन्यपोषणाच्या दृष्टीनेही त्याचे महत्त्व आहे. जिला रोज खाल्ल्यावाचून दूध देता येत नाही, तिला पिले बरोबर नेणे भागच आहे. पाठीवरील पिले म्हणजे फिरती गुहा होय. पूर्वी दरवेशांच्या खेळांतील अस्वले बहुतांशी अशाच दूधपित्या वयात आईपासून हिरावलेली असत, आणि त्यासाठी अनेकदा आईला मारले जाई. २००९ च्या सुमारास देशातील ही प्रथा जवळजवळ संपुष्टात आली.

मोहाखालची गाठभेट

आता प्रश्न असा की मोह फक्त अस्वलासाठी फुलत नाही. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भातील आदिवासी व इतर ग्रामीण कुटुंबे पहाटे मोहफुले वेचण्यास निघतात. एप्रिल-मेमध्ये तेंदूपानांचा हंगाम असतो. ते तेंदूचे झाड म्हणजेच टेंभुर्णी, जिचे फळ अस्वल खाते. अस्वलाची नजर व कान फारसे तीक्ष्ण नसतात आणि खाण्यात गुंतलेले असताना माणूस अगदी जवळ येईतो त्यास कळत नाही. पिले असलेली मादी अशा वेळी पळण्याऐवजी चालून येते. पहाटेच्या अंधारात खाली वाकून फुले वेचणारा माणूस आणि त्याच झाडाखाली आलेली दूधपाजती मादी, या दोघांनाही तेथे येणे टाळता येण्यासारखे नसते. वर्तमानपत्रांत यावर येणारे 'हिंस्र अस्वलाचा हल्ला' असे मथळे वस्तुस्थितीचे निम्मेच वर्णन करतात असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

येथे मानवी मातांचा विषय ओघाने येतो. स्त्रीचे शरीर कुपोषित अवस्थेतही दुधाचा दर्जा बऱ्याच अंशी टिकवून धरते, पण तो तिच्या स्वतःच्या साठ्यातून. म्हणून स्तनदा मातेला आहार देणे हाच बाळाच्या पोषणाचा थेट मार्ग ठरतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांसाठी एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना सुरू केली, तिच्यामागील तर्क हाच आहे. मोह वेचणाऱ्यांत अशा माताही असतात आणि त्यांच्या घरची बेगमी त्या फुलांच्या विक्रीवर अवलंबून असते. तेव्हा 'जंगलात जाऊ नका' हा सल्ला व्यवहार्य नाही. समूहाने जाणे, बोलत वा आवाज करीत चालणे, पुरेसा उजेड झाल्यावर झाडाखाली वाकणे, नोव्हेंबर ते मार्च या काळात खडकाळ टेकड्यांच्या कपारींकडे न फिरकणे, ही पथ्ये मात्र पाळता येण्याजोगी आहेत. मोहाखालचा पालापाचोळा पेटवून जागा साफ करण्याची पद्धत तर दोघांच्याही मुळावर येते, कारण त्या आगीचा वणवा झाला की टेंभुर्णी आणि चारीची रोपेही जळतात. ज्या टेकड्यांत मादी विते त्यांवर दगडखाणींचाही डोळा असतो. प्रसूतीच्या महिन्यांत तेथे सुरुंग लागले तर तिला उपवास अर्धवट सोडून पिलांसह दुसरीकडे जावे लागते, किंवा पिले टाकून जावे लागते.

पिले आईबरोबर दीड ते अडीच वर्षे राहतात, त्यामुळे मादी साधारणपणे दोन-तीन वर्षांतून एकदाच विते. वेगळ्या झालेल्या पिलांच्या मागे तिच्याजवळ पुढील प्रसूतीपर्यंत उरतो तो सहसा एक उन्हाळा आणि एक पावसाळा. त्या अवधीत वारुळे, मोह, टेंभुर्णी व जांभूळ यांतून जितकी चरबी अंगावर चढेल, तितकेच दूध डिसेंबरच्या कपारीत पहिल्या आठवड्यांसाठी तिच्यापाशी असेल.